नवे इंजिन आणि जुना गळ

केंद्र सरकारने ४ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीसंबंधी नवे नियम जारी केले. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यातील मासेमारी राज्यांच्या अखत्यारीत येते; त्यापलीकडे दोनशे मैलांपर्यंत पसरलेल्या विशाल सागरी पट्ट्यासाठी हे नियम आहेत. मच्छीमारांच्या सहकारी संस्था व उत्पादक संघटना यांनी खोल समुद्रात जाऊ शकणाऱ्या मोठ्या नौका चालवाव्यात, एका मोठ्या मातृनौकेने लहान नौकांची पकड समुद्रातच गोळा करावी, यांत्रिक नौकांनी प्रवेश-परवाना घ्यावा, लहान व पारंपरिक मच्छीमारांना त्यातून सूट असावी, अशी या नियमांची साधारण रूपरेषा आहे. प्रखर विद्युतदिव्यांच्या साह्याने केली जाणारी मासेमारी, दोन नौकांनी एकच जाळे ओढण्याची पद्धत, यांसारखे विध्वंसक प्रकार त्यांनी निषिद्ध ठरविले आहेत. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप यांच्या भोवतालच्या समुद्रावर विशेष भर देण्याचा सरकारचा मनोदय आहे. कारण देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रापैकी ४९ टक्के भाग या दोन द्वीपसमूहांभोवती येतो.

या नियमांत स्वागतार्ह असे पुष्कळ आहे. परदेशी वा खाजगी भांडवलापेक्षा सहकारी संस्थांना अग्रक्रम देण्याचे धोरण योग्यच म्हटले पाहिजे. तरीही एका प्रश्नाचे उत्तर केवळ नियमांच्या मसुद्यात सापडणार नाही. मासेमारीतील सुधारणा म्हणजे नेमके काय? अधिक अश्वशक्तीचे इंजिन, अधिक लांबीचे जाळे आणि अधिक दूरवर जाणारी नौका म्हणजेच सुधारणा, असे समीकरण गेली सत्तर वर्षे सरकारी योजनांनी आणि बँकांच्या कर्जवाटपाने रूढ केले आहे. या समीकरणाचा हिशेब पश्चिम किनाऱ्यावरील गावागावांतून आता चुकवावा लागत आहे. आणि गंमत अशी की, ज्या लक्षद्वीपच्या समुद्राचा ‘विकास’ आता करावयाचा आहे, त्याच लक्षद्वीपने या प्रश्नाचे एक वेगळे उत्तर साठ वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे.

मिनिकॉयचा धडा

लक्षद्वीपमध्ये ३६ बेटे असून त्यांतील दहांवर वस्ती आहे. सर्व बेटांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४ हजारांच्या घरात. मात्र प्रवाळांच्या कड्यांनी वेढलेल्या उथळ खाजणांचे क्षेत्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर आहे. नारळ आणि काथ्या यांवर बहुतेक बेटांचा संसार चाले. मासेमारी होती, पण ती प्रामुख्याने घरच्या जेवणापुरती. अपवाद होता तो दक्षिणेकडील मिनिकॉयचा. मालदीवशी भाषेने व संस्कृतीने जवळीक असलेल्या या बेटावर काठी-गळाने कुपा म्हणजेच ट्यूना मासा पकडण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती.

ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. पहाटे नौका प्रथम खाजणात जाते आणि तेथे बोटाएवढ्या लहान माशांचे आमिष बारीक जाळ्याने पकडते. हे आमिष जिवंत ठेवावे लागते. म्हणून नौकेच्या तळाशी एक हौद केलेला असतो व त्याच्या छिद्रांतून समुद्राचे पाणी सतत खेळते राहते. मग नौका प्रवाळकड्याबाहेर जाते. घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांवरून कुप्याच्या थव्याचा माग काढला जातो. थवा गाठला की मूठमूठ जिवंत आमिष पाण्यात फेकतात, पृष्ठभागावर पाणी शिंपडून लहान माशांच्या खळबळीचा आभास निर्माण करतात आणि नौकेच्या मागील फळीवर ओळीने उभे राहिलेले मच्छीमार बिनकाट्याचे गळ पाण्यात टाकतात. मासा लागला की काठीच्या एका झटक्यासरशी तो हवेतून नौकेत येऊन पडतो; गळाला उलटा काटा नसल्याने तो आपोआप सुटतो आणि गळ पुन्हा पाण्यात जातो. थवा काही मिनिटेच टिकतो. तेवढ्या अवधीत जे हाती लागेल ते खरे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या पद्धतीची तीन वैशिष्ट्ये महत्त्वाची आहेत. पहिले असे की, एका गळाला एक मासा लागतो. कासव, डॉल्फिन किंवा समुद्रतळावरील जीव त्यात सापडत नाहीत. दुसरे असे की, तिला माणसे लागतात, आणि म्हणून पकडीचे उत्पन्न इंजिनाच्या मालकाकडे एकवटण्याऐवजी अनेक हातांत विभागले जाते. तिसरे वैशिष्ट्य असे की, या पद्धतीने प्रामुख्याने जो स्किपजॅक जातीचा कुपा मिळतो तो झपाट्याने वाढणारा आणि लवकर प्रजननक्षम होणारा मासा आहे. म्हणजे भांडवलाची मूळ रक्कम न मोडता व्याजावर निर्वाह करण्यास तो विशेष अनुकूल आहे.

लक्षद्वीपमध्ये १९५९ साली मत्स्यव्यवसाय खाते सुरू झाले आणि साठच्या दशकाच्या आरंभी यंत्रचलित नौका बेटांवर आल्या. येथे जे घडले ते मुख्य भूमीवर घडले नाही. इंजिन आले, पण त्याच्याबरोबर ओढजाळे आले नाही. नौका वेगवान झाली, थव्यापर्यंत पोहोचण्याचे अंतर वाढले, त्याच दिवशी परतणे शक्य झाले. परंतु मासा पकडण्याचे साधन काठी आणि गळ हेच राहिले. उलट मिनिकॉयच्या अनुभवी मच्छीमारांकडून ही कला इतर बेटांवरील लोकांनी शिकून घेतली. अगत्तीसारखी बेटे, जेथे पूर्वी ही पद्धत नव्हती, आज कुप्याच्या मासेमारीची प्रमुख केंद्रे आहेत. १९६९ मध्ये मिनिकॉयला मासे डबाबंद करण्याचा कारखाना निघाला. पकडलेला कुपा उकडून, धुरावर आणि उन्हात वाळवून त्याचे लाकडासारखे कठीण ‘मासमीन’ करण्याचा घरगुती धंदाही टिकला. बर्फाची सोय नसलेल्या बेटावर महिनोन्‌महिने टिकणारा माल तयार करणे हीसुद्धा एक उच्च प्रतीची तंत्रविद्याच होय. ती प्रयोगशाळेत जन्मली नाही एवढ्याने तिचे मोल कमी होत नाही.

म्हणजेच लक्षद्वीपच्या लोकांनी यंत्र नाकारले नाही. त्यांनी यंत्राचे काम ठरवून दिले. प्रवासासाठी इंजिन आणि पकडीसाठी गळ, ही ती विभागणी. शेजारच्या मालदीवमध्येही १९७४ नंतर पारंपरिक धोणींना इंजिने बसली, पण कुप्याची मासेमारी काठी-गळानेच चालू राहिली. त्याच शिस्तीच्या बळावर २०१२ मध्ये तेथील स्किपजॅकला शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले आणि युरोपच्या बाजारपेठेत त्या माशाला स्वतंत्र ओळख प्राप्त झाली.

मुख्य भूमीवर काय झाले?

याच काळात मुख्य भूमीवर जे घडले त्याचा इतिहास सर्वश्रुत असला तरी त्यातील अर्थ फारसा ध्यानात घेतला जात नाही. १९५२ च्या करारानुसार केरळात कोल्लमजवळ इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. गरीब मच्छीमारांच्या जेवणात अधिक मासळी यावी, त्यांची होडी सुरक्षित व्हावी, असा त्याचा मूळ हेतू होता. परंतु पुढे परदेशात कोळंबीला मोठा भाव मिळू लागला आणि समुद्रतळ खरवडून काढणारे ट्रॉलर हेच यांत्रिकीकरणाचे प्रतीक बनले. मासेमारीशी पिढीजात संबंध नसलेल्यांचा पैसा या धंद्यात शिरला. किनाऱ्यालगतच्या पाण्यात होडीवाला आणि ट्रॉलरवाला समोरासमोर उभे ठाकले.

गोव्यात हाच संघर्ष सत्तरच्या दशकात रापणकारांच्या चळवळीच्या रूपाने पेटला. रापण म्हणजे केवळ जाळे नव्हे. ती संबंध वाड्याची संस्था. किनाऱ्यावरून जाळे ओढण्यास शेकडो हात लागत आणि ओढणाऱ्या प्रत्येकास वाटा मिळे. यांत्रिक नौकांनी किनाऱ्यालगतचा मासा आधीच उचलल्यावर या हातांना ओढण्यासारखे काय राहणार? माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रापणकार रस्त्यावर आले. १९७८ मध्ये देशभरच्या पारंपरिक मच्छीमारांचे राष्ट्रीय व्यासपीठ उभे राहिले. केंद्राने १९७६ मध्ये मजुमदार समिती नेमली होती. या साऱ्यांची परिणती म्हणून गोवा व केरळ यांनी १९८० मध्ये आणि महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदे केले. यांत्रिक नौकांना किनाऱ्यापासून काही अंतर दूर ठेवणे हे या कायद्यांचे सूत्र होते. केरळात १९८८ पासून पावसाळी ट्रॉलबंदी लागू झाली.

येथे एक गोष्ट नमूद करावयास हवी. पावसाळ्यात समुद्रात जाळे न टाकण्याची कल्पना सरकारी अधिसूचनेतून निघालेली नाही. कोकणच्या कोळ्यांनी ती नारळी पौर्णिमेच्या परंपरेत केव्हाच गुंफली होती. खवळलेल्या समुद्रात जिवाला असलेला धोका हे त्यामागचे एक कारण, आणि पुष्कळ माशांच्या विणीचा काळ हे त्याचे फलित. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीस बंदी असते. जी शिस्त पूर्वी गावकी सांभाळीत असे ती आता गस्ती नौकेने सांभाळावयाची आहे, आणि दोहोंतील फरक बंदीच्या काळातील चोरट्या मासेमारीच्या तक्रारींवरून दिसून येतो.

सामाईक संपत्तीचे अर्थशास्त्र

एच. स्कॉट गॉर्डन या अर्थशास्त्रज्ञाने १९५४ साली एका प्रसिद्ध निबंधात मासेमारीचे उदाहरण घेऊन एक सिद्धान्त मांडला. शेतजमिनीला मालक असतो. म्हणून आज जास्त पीक ओरबाडले तर उद्याचे नुकसान कोणाचे होणार हे ठरलेले असते. समुद्रातील मासा जो पकडील त्याचा. आज मी सोडलेला मासा उद्या दुसरा पकडणार, हे प्रत्येकास माहीत असते. त्यामुळे धंद्यात नफा आहे तोवर नौका वाढत राहतात. आणि अखेरीस इतक्या वाढतात की, एकूण उत्पन्न एकूण खर्चात विरून जाते. अशा धंद्यात अधिक कार्यक्षम यंत्र आणले तर काय होईल? काही काळ काहींचा फायदा होईल; नंतर तेवढाच मासा पकडण्यासाठी सर्वांना अधिक डिझेल जाळावे लागेल. जेथे प्रवेश मोकळा आहे तेथे कार्यक्षमतेची वाढ हीच दारिद्र्याचे कारण ठरू शकते, हा या सिद्धान्ताचा कटू निष्कर्ष आहे.

यावर उपाय दोनच, असे बराच काळ मानले गेले: एक तर संपत्ती खाजगी करावी, नाही तर सरकारने ताब्यात घ्यावी. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने तिसरा मार्ग दाखविला आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी तुर्कस्तानातील अलान्या या बंदराची हकीकत दिली आहे. तेथील मच्छीमार सप्टेंबरमध्ये ठरावीक जागांच्या चिठ्ठ्या टाकतात; जानेवारीपर्यंत प्रत्येक नौका रोज एक जागा पूर्वेकडे सरकते आणि नंतर मेपर्यंत पश्चिमेकडे. चांगली जागा प्रत्येकाला मिळते आणि नियम मोडणारा लगेच उघडा पडतो, कारण त्या दिवशी त्या जागेचा हक्कदार तेथे हजर असतो. पहारेकऱ्याचा पगार द्यावा लागत नाही.

असे नियम शोधण्यासाठी तुर्कस्तानला जाण्याची गरज नाही. तमिळनाडू व आंध्रच्या सीमेवरील पुलिकत सरोवरात ‘पाडू’ या नावाने जागांची पाळी लावण्याची पद्धत चालत आली आहे. मुंबई, रायगड आणि पालघरच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या प्रवाहात डोल जाळी लावली जातात. बोंबील, जवळा, मांदेली त्यांत सापडतात. ही जाळी कोणी कोठे लावावीत याचे संकेत कोळीवाड्यांनी आपापसांत ठरविलेले असत. या संकेतांना आदर्श मानण्याचे कारण नाही. त्यांत भांडणे होती, अन्यायही होते. परंतु ‘समुद्र सर्वांचा म्हणून कोणाचाच नाही’ ही अवस्था त्यांनी येऊ दिली नव्हती, हे मान्य केले पाहिजे.

केरळमधील अष्टमुडी सरोवराचे उदाहरण तर अलीकडचे आहे. तेथील तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांना ऐंशी-नव्वदच्या दशकांत आग्नेय आशियातून मागणी आली. १९९१ मध्ये उत्पादन १० हजार टनांपर्यंत चढले आणि १९९३ पर्यंत निम्म्यावर घसरले. त्यानंतर शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने डिसेंबर ते फेब्रुवारी या विणीच्या काळात काढणी बंद ठेवणे, जाळ्याच्या आसाचा किमान आकार ठरविणे, लहान शिंपल्यांची निर्यात रोखणे असे उपाय अमलात आले. उत्पादन सावरले, आणि २०१४ मध्ये अष्टमुडीला भारतातील पहिले शाश्वत मत्स्यव्यवसायाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. येथे कोणतेही नवे यंत्र आले नव्हते. नवा होता तो नियम, आणि तो पाळण्यात सर्वांचे हित आहे ही जाणीव.

महाराष्ट्रापुढील प्रश्न

महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत कागदावर तरी बरीच मजल मारली आहे. पर्ससीन जाळ्यांच्या प्रश्नावर डॉ. सोमवंशी समितीने अहवाल दिला. त्यानुसार २०१६ मध्ये या नौकांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणण्याचे धोरण जाहीर झाले. २०१७ मध्ये केंद्राने विद्युतदिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा वाढल्या. २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्यायोग्य किमान आकार ठरविण्यात आला आणि त्याच वर्षी पापलेटला राज्य माशाचा मान मिळाला. एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीच्या बरोबरीचा दर्जा देण्याचा निर्णय झाला.

परंतु सातपाटीसारख्या, पापलेटसाठी आणि सहकारी संस्थांसाठी नावाजलेल्या गावात जाऊन विचारले तर राज्य माशाच्या मानापेक्षा पापलेटच्या पिल्लांची बाजारात होणारी विक्री अधिक बोलकी ठरते. नियम आहेत, पण नियम पाळणाऱ्याचे नुकसान आणि मोडणाऱ्याचा फायदा, अशी व्यवस्था असेल तर प्रामाणिक तांडेलाने काय करावे? सिंधुदुर्गात पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनधारक यांच्यात वर्षानुवर्षे उडणारे खटके याच व्यवस्थेची निष्पत्ती आहेत.

यासाठी एकट्या मच्छीमाराला दोष देणे अन्यायाचे होईल. बाजार आणि शासन यांनी त्याच्यापुढे जी प्रलोभने ठेवली आहेत त्यांनुसारच तो वागतो. डिझेलवरील कराच्या परताव्याचेच पाहा. वाढत्या खर्चाने गांजलेल्या मच्छीमाराला तो आवश्यक वाटतो, आणि ते खरेही आहे. पण या सवलतीचा हिशेब लिटरवर होतो. जो जास्त डिझेल जाळील त्याला जास्त मदत, आणि शिडाच्या होडीवाल्याला वा किनाऱ्यावर मासळी विकणाऱ्या कोळणीला काहीच नाही, हा तिचा अर्थ आहे. जागतिक व्यापार संघटनेचा मत्स्य-अनुदानविषयक करार सप्टेंबर २०२५ मध्ये अमलात आला. त्या कराराच्या न्याय्यतेविषयी विकसनशील देशांचे आक्षेप रास्त आहेत. श्रीमंत राष्ट्रांच्या प्रचंड ताफ्यांनी केलेल्या लुटीची शिक्षा सातपाटीच्या वा मिनिकॉयच्या मच्छीमाराने का भोगावी? तथापि अनुदान कोणत्या वर्तनाला उत्तेजन देते हा प्रश्न जिनेव्हाने विचारला नसता तरी मुंबईने स्वतःला विचारावयास हवा होता.

बाजाराचा दुसरा पुरावा अमेरिकेकडून आला. जाळ्यात अडकलेल्या कासवांना बाहेर पडता यावे म्हणून ओढजाळ्यात एक जाळीदार चौकट बसविता येते. ती भारतीय नौकांवर सर्रास वापरली जात नाही या कारणास्तव २०१९ पासून अमेरिकेने भारताच्या समुद्रातील कोळंबीची आयात बंद केली. कोचीच्या केंद्रीय संस्थेने ही चौकट तयार केलेली होती. त्याच संस्थेने चौकोनी आसाच्या जाळ्याचाही पुरस्कार केला. नेहमीचा तिरपा आस ताण पडताच मिटतो आणि पिल्ले आत कोंडली जातात; चौकोनी आस उघडा राहतो आणि ती निसटतात. खर्च थोडा, फायदा दीर्घकाळाचा. तरीही या साधनांचा प्रसार संथ राहिला. याचे कारण तंत्रज्ञानाचा अभाव हे नसून, आज निसटलेला मासा उद्या आपल्यालाच मिळेल याची हमी कोणी देत नाही, हे आहे.

बेटांवरील संकट

आता पुन्हा लक्षद्वीपकडे वळावे. तेथील पद्धत आदर्श असली तरी तेथील स्थिती निर्वेध नाही. काठी-गळाची सारी मदार जिवंत आमिषावर आहे आणि आमिषाची मदार प्रवाळांवर. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षांत समुद्राचे तापमान वाढून प्रवाळ पांढरे पडले. अगत्ती, कदमत व कवरत्ती येथील जिवंत प्रवाळांचे आच्छादन १९९८ च्या तुलनेत सुमारे निम्म्यावर आल्याचे संशोधकांना आढळले आहे. आमिष दुर्मीळ झाले की पहाटेचे काही तास त्याच्याच शोधात जातात, आणि मग दिवे लावून वा जाळे टाकून मासे पकडण्याचा मोह होतो. दुसरीकडे खाजणातील व प्रवाळांतील मोठ्या माशांना मुख्य भूमीवरून मागणी वाढत आहे. मासमीनचा भाव मुख्य भूमीवरील व्यापारी ठरवितात. भाव पडला की अधिक पकडून तूट भरून काढण्याची वेळ बेटवासीयांवर येते.

अशा वेळी या समुद्रात मोठ्या नौका आणावयाच्या असतील तर क्रम उलटा असावयास हवा. आधी खाजण, मग खोल समुद्र. आमिषाच्या माशांच्या जागा, त्यांच्या विणीचे महिने आणि जाळ्याचे आस यांविषयीचे नियम बेटांवरील मच्छीमारांच्या संमतीने ठरले पाहिजेत. प्रवाळकड्याबाहेरचा काही मैलांचा पट्टा केवळ काठी-गळासाठी राखून ठेवला पाहिजे. लक्षद्वीपमधील मच्छीमारांनी दक्षिण फाउंडेशन या संस्थेच्या साह्याने आपल्या पकडीच्या नोंदी स्वतः ठेवण्याचा उपक्रम काही वर्षांपासून चालविला आहे. किती आमिष लागले, किती वेळ शोध घेतला, किती कुपा मिळाला, याची वही तांडेलाजवळ असणे ही गोष्ट दिसावयास क्षुल्लक आहे. पण मोठ्या नौकेचा परिणाम काय झाला हे उद्या सिद्ध करावयाचे असेल तर ती वहीच साक्ष देईल.

मुख्य भूमीसाठीही याच दिशेने विचार करावा लागेल. अनुदानाचा निकष लिटरवरून वर्तनावर नेता येईल: चौकोनी आसाचे जाळे, मासळीची प्रत टिकविणारी बर्फपेटी, जीवरक्षक साधने आणि नियमित नोंदी यांसाठी मदत, आणि किमान आकाराचा नियम मोडणाऱ्याला मदत बंद. दंड समुद्रात करण्यापेक्षा बंदरावर करणे सोपे व स्वस्त असते. लहान पापलेट उतरवून घेणारा व्यापारीही तितकाच जबाबदार धरला पाहिजे. मासळी सुकविण्यासाठी चांगल्या वलांडी, सौर वाळवणयंत्रे, बाजारात सावली आणि पाणी यांवर केलेला खर्च नव्या ट्रॉलरइतका डोळ्यांत भरत नाही. परंतु एक मासाही अधिक न पकडता घरचे उत्पन्न वाढविण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे, आणि त्याचा लाभ थेट स्त्रियांच्या हाती पडतो. हैदराबादच्या संस्थेकडून उपग्रहांच्या आधारे माशांच्या संभाव्य जागांची माहिती मच्छीमारांना मिळते. डिझेल वाचविण्यास ती उपकारक आहे. पण नौकांच्या संख्येला मर्यादा नसेल तर तीच माहिती सर्वांना एकाच थव्यावर तुटून पडण्यास बोलावील.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. देशाची लोकसंख्या वाढत आहे, मासळीची मागणी वाढत आहे, निर्यातीतून परकीय चलन मिळते. एकेक मासा गळाने पकडून हे कसे साधणार? आक्षेप निराधार नाही. सर्व किनाऱ्याने काठी-गळ हाती घ्यावा असे कोणी म्हणत नाही. बोंबील गळाने पकडता येत नाही आणि तारलीचा थवा गळाला लागत नाही. मिनिकॉयचा धडा साधनाचा नसून विवेकाचा आहे. कोणते यंत्र घ्यावयाचे, ते कोणत्या कामासाठी आणि कोणत्या मर्यादेपर्यंत वापरावयाचे, हे त्या समुद्रावर जगणाऱ्यांनी ठरविले. आणि तसे ठरविल्यामुळे साठ वर्षांनंतरही त्यांच्याजवळ राखण्यासारखे काही उरले आहे. जेथे हे प्रश्न विचारले गेले नाहीत तेथे प्रत्येक नवे यंत्र आधीच्या यंत्राने केलेली तूट भरून काढण्यासाठीच आणावे लागले.

नव्या नियमांन्वये बेटांभोवतीच्या समुद्रात जाणाऱ्या पहिल्या मोठ्या नौका कोणाच्या असतील, त्यांच्या परवान्याच्या अटी कोण लिहील आणि त्या अटी लिहिताना अगत्तीचा व मिनिकॉयचा मच्छीमार खोलीत असेल की दाराबाहेर, यावर पुढील पिढीला काय मिळणार हे अवलंबून राहील. मुख्य भूमीवर १९८० च्या सुमारास कायदे झाले ते संघर्ष पेटल्यानंतर, मासा कमी झाल्यानंतर. बेटांच्या बाबतीत निदान एवढी सोय आहे की, मासा अजून आहे आणि कायदा त्याच्याआधी करता येण्यासारखा आहे. ही संधी पुन्हा मिळेल असे मानण्यास पश्चिम किनाऱ्याच्या इतिहासात तरी आधार सापडत नाही.